चार वाजताचं नाटक

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या चार माणसं दारात येऊन भांडतील, आणि न सांगितलं म्हणून दुसरी चार रुसतील. लासुर्ण्याच्या पुढं, कालव्याच्या अंगाला ते आहे, एवढं पुरे. तिथं मुनिरा राहते. वय चोपन्न. सकाळी आठ ते दुपारी दोन ती ऊस खुरपणाऱ्या बायकांच्या टोळीची मुकादम असते आणि त्याच वेळेत नाटककार आणि दिग्दर्शकही असते. यातलं पहिलं गावाला सहज म्हणता येतं. दुसरं म्हणताना अजून लोकांची जीभ अडखळते.

तिचे वडील मुजफ्फरभाई यांचा मंडपाचा आणि कर्ण्यांचा धंदा. गावच्या जत्रेत दरवर्षी नाटक ठरलेलं, आणि त्याची एक ठरलेली रीत. पुरुषांची कामं गावातल्या पुरुषांनी करायची, बाईच्या कामाला मात्र नटी बाहेरून आणायची. गावातल्या बाईनं तोंडाला रंग लावला तर घराण्याची अब्रू जाणार. बाहेरची आणली की अब्रू शाबूत आणि वर तीन तास शिट्या मारायची सोय. असा तो चोख व्यवहार होता, आणि त्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं.

एका वर्षी ऐन वेळी प्रॉम्प्टरचा घसा बसला. मुजफ्फरभाईंची बारा वर्षांची पोरगी खणखणीत वाचते, आणि अंगानं एवढीशी असल्यामुळं विंगेत दिसणार नाही, म्हणून वही तिच्या हातात दिली. मुनिराचं नाटकाशी नातं जुळलं ते असं, कुणाला न दिसण्याच्या बोलीवर.

ते त्र्याऐंशी साल. नटी होती माधवीबाई. अठ्ठावीस-तीस वर्षांची, आवाजाला धार असलेली. सकाळच्या एसटीनं आली, शाळेच्या खोलीत उतरली. उन्हानं आणि धुळीनं अंग चिकटलेलं. तालमीआधी अंघोळ करावी म्हणून तिनं शाळेशेजारचं घर गाठलं आणि न्हाणीघर मागितलं. ते घर कुशाबाईचं. कुशाबाई तेव्हा पंचविशी ओलांडलेली सून. तिनं माधवीबाईला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दार लावून घेतलं. आणखी दोन दारं वाजवून झाल्यावर मुजफ्फरभाईंनीच मंडपाच्या मागं चार बांबू रोवले, ताडपत्री गुंडाळली आणि आडोसा करून दिला.

मुनिरा गरम पाण्याची बादली घेऊन निघाली होती. तिनं पाहिलं, तीन पोरं ताडपत्रीला चिकटलीत आणि एकाच्या हातात दाढीचं पातं आहे. पात्यानं ताडपत्री फाडलेली होती. पातं ज्याच्या हातात होतं त्याचं नाव सर्जेराव. त्यानं मुनिराकडं पाहिलं आणि हसून तोंडावर बोट ठेवलं. तिनं बादली तिथंच टाकली आणि पळत जाऊन अब्बांना सांगितलं. अब्बांनी संध्याकाळी ताडपत्रीला ठिगळ लावलं आणि म्हणाले, “गप बस. धंदा हाय आपला.” वडिलांवर तिचा फार जीव होता. पण त्या एका वाक्याचा राग तिनं त्यांच्या मरणानंतरही सोडला नाही, आणि तसं ती आजही उघड बोलून दाखवते.

माधवीबाईनं त्या रात्री काम केलं. एकही वाक्य पडलं नाही. विंगेतल्या पोरीला एकदाही वही बघावी लागली नाही.

पुढं मुनिराचं लग्न युनूसशी झालं. तो मुजफ्फरभाईंच्याच हाताखाली तयार झालेला, त्यामुळं लग्न होऊनही ती गावातच राहिली आणि वहीसुद्धा तिच्याकडंच राहिली. छापील नाटकं गावाच्या पचनी पडेनात, तेव्हा ती प्रवेश तोडू-जोडू लागली. मग अख्खी नाटकं लिहू लागली. कोण कुठून येणार, कुठं थांबणार, तलवार कुणाच्या कमरेला, सगळं तीच सांगायची, विंगेत बसून. अशी अकरा नाटकं झाली. पत्रिकेवर छापून यायचं : लेखक, दिग्दर्शक आणि प्रमुख भूमिका, सर्जेराव. सगळ्यात खाली बारीक अक्षरात : मंडप सौजन्य, युनूस. बांबू पुरवणाऱ्या नवऱ्याचं नाव होतं आणि शब्द पुरवणाऱ्या बायकोचं नव्हतं.

बाराव्या वर्षी तिनं सरळ विचारलं. सर्जेराव तोवर जत्रा कमिटीचा अध्यक्ष झाला होता. तो म्हणाला, “भाभी, बाईचं नाव टाकलं तर लोक येणार न्हाईत. त्यात तुमचं नाव...” पुढचं त्यानं गिळलं.

“माझं नाव काय?” मुनिरा म्हणाली. “देवाची पालखी चाळीस वरसं माझ्या बापाच्या मांडवाखाली बसती. तवा न्हाय कुणी नाव इचारलं.”

जत्रा आठ दिवसांवर होती. ती वही उचलून घरी घेऊन गेली. त्या वर्षी गावानं ऑर्केस्ट्रा आणला आणि पुढंही तोच आणत राहिले. गावाची नाट्यपरंपरा एका वहीवर उभी होती हे तेव्हा कळलं, पण कबूल कुणी केलं नाही.

मुनिरानं मग ठरवलं की पुरुषही नकोत आणि आणलेली नटीही नको. टोळीतल्या बायका घ्यायच्या. प्रश्न होता वेळेचा. शेतातून घरी गेलेली बाई पुन्हा बाहेर पडत नाही. चूल, जनावरं, पोरं तिला धरून ठेवतात. म्हणून मुनिरानं तालीम घरी पाठवलीच नाही. सुरूच्या लागणीत, म्हणजे नव्यानं लावलेल्या गुडघाभर उसात, बायका खुरपायला बसल्या की प्रत्येकीची एक सरी, उसाच्या दोन ओळींमधला पट्टा. राजाची एक सरी, प्रधानाची शेजारची, राणी चार सऱ्या सोडून. मुनिरा मागून वाक्य सांगणार, त्या खुरपता खुरपता पुढं सरकत ती म्हणणार. मान खाली, हात तणात, आवाज मात्र बांधापर्यंत गेला पाहिजे. नियम एकच : सरी अर्ध्यात सोडून उठायचं नाही आणि वाक्य अर्ध्यात सोडायचं नाही. फोन वाजो, साप निघो. साप एकदा खरंच निघाला होता. टोळीतल्या म्हाळसानं तो खुरप्यानं बाजूला सारला आणि प्रधानाचं भाषण पुरं केलं.

शेताच्या मालकांना वाटायचं, बायका भांडतायत. दोघा-तिघांनी मध्यस्थीही केली.

बारामतीला एक हौशी नाट्यस्पर्धा होती, तिथं युनूसच्या टेंपोत बसून सगळ्या गेल्या. आणि तिथं एक घोटाळा झाला. खऱ्या रंगमंचावर उभ्या राहिल्यावर बायका एकमेकींकडं बघेनातच. सरीत तशीच सवय. प्रत्येक बाई सरळ समोर बघून बोलायची, बोलता बोलता रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि टोक आलं की सगळ्या एकदम वळायच्या, बांध आल्यासारख्या. राजा राणीशी बोलतोय आणि दोघंही प्रेक्षकांकडं बघतायत. मुनिरानं विंगेत कपाळावर हात मारून घेतला.

पुण्याहून आलेले परीक्षक नंतर समजुतीनं म्हणाले, “बाई, संहिता चांगली आहे. पण तुमची पात्रं एकमेकांकडं बघतच नाहीत. मूलभूत चूक आहे ही.”

चूक आहे हे तिलाही माहीत होतं. पण त्यांचा तो समजुतीचा सूर ऐकून तिचं टाळकं सरकलं. “साहेब,” ती म्हणाली, “काम करताना कोण कुणाच्या तोंडाकडं बघत बसतं? आमच्याकडं माणसं अशीच बोलत्यात.”

बक्षीस मिळालं नाही.  परतताना टेंपोत मुनिरा आपण रागाच्या भरात काय बोललो त्याचाच विचार करत होती, आणि भवानीनगर येईपर्यंत तिला ते पुरतं पटलं होतं. तिनं ती चूक दुरुस्त केली नाही. पुढची सात नाटकं तिनं तशीच बसवली, सरीत. सुप्याच्या बाजारात, भवानीनगरला, कुठं कुठं बचत गटाच्या मेळाव्यात ती झाली, आणि समोर बघून बोलणाऱ्या त्या बायकांपुढून माणसं हलत नसत.

पण गावात एकही झालं नव्हतं. आणि जे लिहायचं होतं ते अजून लिहिलंच नव्हतं.

माधवीबाई तिला बारामतीत सापडली. लग्नाचा मांडव घालायला युनूस गेला होता आणि पडद्याला पिको करायला एका लहानशा दुकानात शिरला. मशीनवरच्या म्हातारीचा आवाज ऐकून त्यानं घरी येऊन सांगितलं, “ती नटी हाय बघ. आवाज इसरलो न्हाय मी.” मुनिरा दुसऱ्या दिवशी गेली. म्हातारीनं तिला ओळखलं नाही, पण बादलीवाली पोरगी म्हटल्यावर मशीन थांबवलं.

“त्या ताडपत्रीवर नाटक लिवू का?” मुनिरानं विचारलं. “तुमी न्हाय म्हणला तर लिवणार न्हाय.”

माधवीबाईनं सुईत दोरा ओवला. मग म्हणाली, “लिही. पण दोन अटी. मला नाटकात रडवायचं नाही. मी तेव्हा रडले नव्हते. आणि मला बघायला बोलवायचं नाही.”

नाटकाचं नाव ‘आडोसा’. टोळीत कामं वाटताना मुनिरानं नटीचं काम सोनमला दिलं. सोनम सव्वीस वर्षांची, कुणाच्या बापाला न भिणारी. दार लावणाऱ्या सुनेचं काम म्हाळसाला दिलं. तेव्हा कुशाबाईनं खुरपं खाली ठेवलं. एकोणसत्तराव्या वर्षीही ती टोळीत येत होती, कारण घरी बसून तिला करमायचं नाही.

“ते काम माझं हाय,” ती म्हणाली.

“काकी, वय बसत न्हाय,” मुनिरा म्हणाली.

“दार म्या लावलं हुतं. दुसरीनं केलं तर खोटं हुईल.”

बायकांचे हात थांबले.  मुनिरानं वहीत म्हाळसाच्या नावावर काट मारली.

या वर्षी जत्रेचा ऑर्केस्ट्रा ऐन वेळी फिरला आणि कमिटीची पंचाईत झाली. मुनिरानं संधी साधली. “नाटक देते. पण दुपारी चारला.” सर्जेराव हसला. दिवसा नाटक? उन्हात? कोण बघणार? पण मुनिराला रात्र नकोच होती. अंधारात शिट्या मारणाऱ्याचं तोंड दिसत नाही. सर्जेरावानं खुशाल होकार दिला.

ताडपत्रीची गोष्ट त्याच्या कानावर गेली ती नंतर. तो मोटारसायकल काढून थेट शेतात आला.

“भाभी, त्यो शेवटचा प्रवेश काढा.”

“का?”

“गावाची बदनामी हुतीय. नावं घेतलीत का कुणाची?”

“एक बी न्हाय.”

“मग?”

“मग तुमाला का घाम आलाय, आबा?” मुनिरा म्हणाली. “सगळा प्रवेश हुईल. हे नाटक माझ्या गावात पुरं झालं न्हाय, तर आजवर केलेली सगळी पाण्यात गेली असं म्या समजंन.”

सर्जेराव काही न बोलता निघून गेला. मुनिराला ते भांडणापेक्षा वाईट वाटलं, कारण हा माणूस गप्प बसला की काहीतरी शिजवतो हे तिला अकरा नाटकांच्या अनुभवानं माहीत होतं.

त्यानं शिजवलं ते असं. आपल्याकडं नाटक कितीही रंगात आलेलं असो, पुढारी आला की ते थांबतं. पात्रं हातातल्या तलवारी धरून बाजूला उभी राहतात, शाल-नारळ होतो, भाषण होतं, आणि मग मेलेला राजा परत पहिल्यापासून मरतो. कुणाला त्यात गैर वाटत नाही. सर्जेरावानं तालुक्याचे पुढारी विजयसिंह यांना निमंत्रण दिलं आणि वेळ दिली पाच वाजताची. पाचला ताडपत्री यायची होती. सत्कार दीड तास चालवला की बायका घरच्या ओढीनं आपोआप पांगणार, असा त्याचा हिशेब.

चार वाजता मैदान भरलं होतं. दिवसा नाटक म्हणजे काय असतं हेच बघायला लोक आले होते, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त बायका होत्या. रात्रीच्या नाटकातून त्यांना अर्ध्यातच उठून घरी जावं लागे; या गावात आयुष्यात पहिल्यांदा नाटक पुरं बघायला मिळणार होतं. सोनमनं दार वाजवलं. कुशाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दार लावून घेतलं. पुढं बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. मुनिरा विंगेतून सगळ्यांची तोंडं बघत होती.

पाचला गाड्या आल्या. सर्जेराव हातात शाल आणि माईक घेऊन थेट रंगमंचावर चढला. “कलाकारांना विनंती हाय, दोन मिनिटं थांबावं...”

कुणी थांबलं नाही. सोनम बोलत होती, म्हाळसा उत्तर देत होती, दोघी समोर बघून पुढं सरकत होत्या. सर्जेराव त्यांच्या आडवा आला तशा दोघी त्याला वळसा घालून गेल्या. तो ओरडला, “युनूस, ष्टेजचा आवाज बंद कर!”

युनूस मशीनपाशी होता. जन्मभर तो बायकोच्या नाटकाबद्दल कुरकुरत आला होता, डिझेल किती जातं, बांबू किती मोडतात. त्यानं सर्जेरावाकडं पाहिलं, मुनिराकडं पाहिलं, आणि आवाज बंद केला. सगळाच केला. सर्जेरावाच्या हातातला माईकसुद्धा गेला. “वायर गेली वाटतं,” युनूस म्हणाला आणि वायर शोधायला मंडपामागं निघून गेला.

मग काय ऐकू यायचं ते आलं. बांधापासून बांधापर्यंत आवाज फेकणाऱ्या त्या बायकांना माईक कधी लागलाच नव्हता. सर्जेराव हातवारे करत होता, तोंड हलत होतं, पण तिसऱ्या रांगेच्या पुढं त्याचं अक्षर पोचत नव्हतं. विजयसिंह थोडा वेळ उभे राहिले, मग कुणीतरी पुढं केलेल्या खुर्चीवर बसले आणि नाटक बघू लागले.

दोघीजणींनी ताडपत्री आणून ताणली. सोनम तिच्यामागं गेली. आणि सर्जेराव उरला ताडपत्रीच्या अलीकडं, उघड्यावर, भर उन्हात. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. उतरायच्या पायऱ्या दुसऱ्या टोकाला होत्या. पात्यावाल्या पोराचं काम करणारी म्हाळसा त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि खुरप्यानं तिनं ताडपत्री टराटरा फाडली.  पोरांची नावं नाटकात नव्हती. त्यांची गरज राहिली नाही. शाल तिथंच टाकून सर्जेराव रंगमंचावरून खाली उडी मारून गेला.

फाटलेल्या जागेतून सोनमचं तोंड बाहेर आलं. डोळे कोरडे.

“बघताय न्हवं? बघा,” ती म्हणाली. “म्या बी बघतीय. एकेकाचं तोंड वळखून ठेवतीय.”

एकही शिट्टी वाजली नाही. नाटक तिथं संपलं, आणि टाळ्या वाजल्या त्या बायकांच्या बाजूनं. मुनिरा विंगेत उभी राहून ओक्साबोक्शी रडली. नटीला रडवायचं नव्हतं, दिग्दर्शकाला मनाई नव्हती.

आठ दिवसांनी कमिटीचा ठराव आला : या मंडळाला यापुढं गावच्या रंगमंचावर परवानगी नाही. मुनिरानं तो टोळीला वाचून दाखवला. “ष्टेज त्यांचं हाय,” ती म्हणाली. “जमीन गावाची हाय. पुढच्या साली खाली करू. चारलाच.”

त्याच दुपारी कुशाबाई तिला म्हणाली, “मला बारामतीला ने.”

“कशाला?”

“तू ने फकस्त.”

माधवीबाईच्या दुकानाचं दार अर्धं उघडं होतं. मुनिरानं कोण आलंय ते सांगितलं. कुशाबाई उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, “बाई, दार लावणारी ती मीच.”

माधवीबाई मशीनवरून उठली. कुशाबाईला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि दार लावून घेतलं.

ऊन मी म्हणत होतं. मुनिरा कुशाबाईचा हात धरून म्हणाली, “चला काकी, जाऊ.” कुशाबाईनं हात सोडवून घेतला. “ऱ्हाऊ दे. उभी ऱ्हाती म्या.” येणारी-जाणारी माणसं बघत होती. पाव तास गेला, अर्धा गेला. मुनिराही तिथून हलली नाही.

मग दार उघडलं. माधवीबाईच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं कुशाबाईला दिला, ती पाणी पिऊन होईपर्यंत थांबली, आणि मुनिराकडं वळली.

“सोनम म्हणून पोरगी करते ना माझं काम? चांगली करते, ऐकलंय मी. पुढच्या वर्षी तिला दुसरं दे. ते काम मी करणार. ही लावू दे दार. बघते मी, त्या गावात हिचं दार माझ्या तोंडावर परत कसं लागतंय ते.”

कुशाबाईनं तांब्या खाली ठेवला. “नाटकात लावावंच लागतंय, बाई,” ती म्हणाली. “त्येच्यानंतर घरी या. न्हाणीत पाणी तापवून ठेवती.”

दोन्ही म्हाताऱ्या आता मुनिराकडं बघत होत्या, दिग्दर्शक काय म्हणते म्हणून. मुनिरानं पिशवीतून वही बाहेर काढली.

“तालीम लागणीत असती, सकाळी आठला,” ती म्हणाली. “खुरपं मी देईन. उशीर केलात तर काम सोनमचंच ऱ्हाईल.”